राजाच्या थरावर पाणी

मित्रांनो, माझे डोके दगडाचे आहे आणि मला त्याचा जराही संकोच वाटत नाही. दगडाचे आहे म्हणून तर मला काम मिळाले. मी एक जुनी धुम्मस आहे, माती ठोकून ठोकून घट्ट करणारी. राजांच्या गोष्टी तुम्ही तलवारींकडून ऐकल्या असतील, रथांकडून ऐकल्या असतील. मला तसे चमकदार बोलता येत नाही. मला एकच शब्द येतो, धप्. पण त्या एका शब्दात मी एका राजाची सारी कारकीर्द सांगू शकते, कारण माझा दांडा एकतीस वर्षे त्याच्या हातात होता.

आमच्याकडे नदी म्हटले की एकच. तिला वेगळे नाव लावायची कुणाला गरज पडत नाही. ती पिवळी आहे, गढूळ आहे, अंगाने जड आहे आणि एका कुशीवर निजायची तिला सवय नाही. तिच्याच पोटात मी किती काळ गडगडत होते कोण जाणे. एका हिवाळ्यात पाणी आटले आणि काओलिनला मी सापडले. काओलिन म्हणजे भिंतीवर माती ठोकणाऱ्या टोळीचा नायक, वीस-बावीस धुम्मसवाल्यांचा पुढारी. त्याने मला उचलले, माझा सपाट तळवा आपल्या तळहातावर ठेवून पाहिला आणि खांद्यावर घालून घरी नेले. बायकोला म्हणाला, एक पाहुणी आणलीय, खात नाही आणि बोलतही नाही. बायको चुलीवरून मान न वळवता म्हणाली, मग तुझ्याशी तिचं छान जमेल.

तो सगळा हिवाळा त्याने माझ्या डोक्याला भोक पाडण्यात घालवला. बांबूची नळी, ओली वाळू आणि दोन तळहात. नळी फिरायची, वाळू चरचरायची, मी कणाकणाने पोखरली जात होते. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण त्या भोकात बोरीच्या लाकडाचा दांडा बसला, दांड्याला वर आडवी मूठ बसली, आणि मी दगडाची धुम्मस झाले. मला दोघांनी समोरासमोर उभे राहून धरायचे असते. एकटा माणूस मला उचलू शकतो, पण दिवसभर नाही. म्हणून माझ्या आयुष्यात कायम दोन चेहरे आहेत, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

आणि गाणे आहे. गाण्याशिवाय माती बसत नाही. काओलिन पुढे म्हणायचा, टोळी मागून:

उचल गड्या, उचल रे,
नदी आली जवळ रे.
टाक गड्या, टाक रे,
मातीला दे हाक रे.

मग मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया मातीच्या वतीने म्हणायच्या:

माती मी मऊ गं,
किती मार खाऊ गं?

त्यावर सगळे मिळून:

मऊच जर राहशील,
नदीसंगे जाशील.

भिंत अशी बांधत. दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या, मध्ये माती ओतायची, आम्ही ती ठोकायची. वीतभर माती चार बोटांवर आली की एक थर झाला. पण झाला म्हणजे लगेच झाला असे नाही. मग यूहे यायची. यूहे ही कुंभारवाड्यातली विधवा, नवऱ्यामागे भट्टी तीच चालवायची. अंगाने बारीक आणि बोलणे त्याहून बारीक. तिच्या हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा असे. तुंबाभर पाणी ती थरावर ओतायची आणि उकिडवी बसून राळ्याची पेज गार व्हायला लागते तेवढा वेळ थांबायची. पाणी तसेच उभे राहिले तर थर पक्का. पाणी आत मुरले तर ती एकच शब्द बोलायची, "पुन्हा." मग काओलिनसुद्धा हुज्जत घालायचा नाही. थर फोडायचा, माती कालवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता राजाकडे येते.

आमचे नगर तानयी. पण या नावाची चार नगरे आधी होऊन गेली होती आणि चारही नदीने घेतली होती. पूर आला की नदीकडच्या कोपऱ्यात भिंत ढासळायची. मग पितरांच्या मंदिरात बैलाच्या खांद्याचे हाड तापवून शकुन पाहत, आणि दर वेळी शकुन निघे तो हाच की नदीचा राग राजावर आहे, राजाने हलावे. मग पितरांच्या नावपाट्या, काशाची भांडी, डुकरे आणि माणसे गाड्यांत भरून आणखी एक तानयी वसवायला निघायचे.

मोशू हा राजाचा धाकटा भाऊ. त्याच्या वर दोन थोरले. आमच्याकडे गादी भावाकडून भावाकडे जाते, पण तिसऱ्यापर्यंत ती क्वचितच पोचते, म्हणून मोशूला राज्य करायचे कुणी शिकवले नव्हते. त्याला गाड्या भरायला शिकवले होते. वडिलांच्या आणि दोन्ही भावांच्या वेळच्या स्थलांतरांत हे काम त्याच्याकडेच होते. काय गाडीत बसते आणि काय बसत नाही, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. विहीर गाडीत बसत नाही. तुतीचे झाड बसत नाही. म्हातारी माणसे बसतात, पण त्यांतली कितीतरी पुढच्या गावी उतरत नाहीत. त्याची आई अशीच उतरली नव्हती.

चौतिसाव्या वर्षी दोन्ही भावांमागे तो गादीवर आला, आणि त्याच वर्षी नदी पुन्हा तिच्या कुशीवर अस्वस्थ व्हायला लागली. लोकांनी न सांगताच गाड्यांच्या आसांना चरबी लावायला घेतली. शकुन पाहायचे ठरले. भिंतीबद्दल काही विचारायचे असले की भिंतीचे एक अवजार मंदिरात नेऊन ठेवायची रीत होती, म्हणून त्या दिवशी मी तिथे होते. शकुन काढणारा फेन साठीचा होता, सज्जन होता, आणि त्याचा हाडांवर मनापासून विश्वास होता. त्याने हाडाच्या खळगीत तापलेली सळई टेकवली. हाड खट् करून तडकले. तडा वाचायचा मान राजाचा.

मोशूने तड्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "नदी येणार."

फेनने मान डोलवली. "म्हणजे निघायचं, महाराज."

"नदी येणार एवढंच सांगितलंय, गुरुजी. पळा असं कुठं सांगितलंय?"

फेन म्हणाला की आजवर चार राजांनी असाच तडा पाहिला आणि चौघेही निघाले. मोशू म्हणाला की तिघांच्या गाड्या त्याने पाहिल्या आहेत, काही त्याने स्वतः भरल्या आहेत, पहिल्याची गोष्ट आजोबांकडून ऐकली आहे. आणि आता एकही गाडी भरायची नाही. भिंत उंच करायची, रुंद करायची. तानयी इथेच राहील.

असे म्हणणे सोपे असते. पुढचे सांगताना मला अजून लाज वाटते.

नव्या भिंतीचा सगळ्यात खालचा थर नदीकडच्या कोपऱ्यात राजाच्या हाताने ठोकायची चाल होती. नवी कोरी धुम्मस लागायची, म्हणून काओलिनने मला दिले. मोशू रेशमाच्या जड वस्त्रांत आला, कमरेला हिरव्या पाचूसारख्या दगडांचे झुबके किणकिणत होते. समोरची मूठ फेनने धरली. राळ्याचे मद्य शिंपडले गेले. आणि त्या दोघांनी मला नऊ वेळा उचलून नऊ वेळा टाकले. नऊच. त्या कोपऱ्याला किमान नऊशे ठोके हवे होते. माझ्या तळव्याला खालची माती कळत होती, राखेसारखी भुसभुशीत. पण लगेच थरावर चटई अंथरली गेली. राजाने ठोकले त्याच्यावर दुसऱ्याने ठोकायचे नाही, तो राजाच्या पाठीवर मारल्यासारखा अपमान. आणि राजाच्या थरावर पाणी तर ओतायचेच नाही. यूहे तुंबा पाठीमागे लपवून उभी होती. काओलिन जमिनीकडे पाहत होता. माझ्याकडे धप् हा एकच शब्द, तो कुणाला कळणार होता?

चटईवर भिंत चढली. दोन हंगाम आम्ही राबलो. पीक निघाल्यापासून जमीन गोठेपर्यंत आणि ती वितळल्यापासून पेरणीपर्यंत. भिंत चार माणसे उंच झाली. मग उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या दिवसांत, नदी आली.

तिने भिंतीला सगळीकडे हात लावून पाहिला. तीन दिवस काही झाले नाही. चौथ्या दिवशी सकाळी नदीकडच्या कोपऱ्यात, अगदी पायथ्याशी, चिखलाचे पाणी पाझरायला लागले, आणि दुपारपर्यंत कोपरा बसला. पाणी कुंभारवाड्यात शिरले. यूहेची भट्टी फुसकन् विझली. लोक ओरडले नाहीत. त्यांना हे ओळखीचे होते. ते मुकाट्याने घरी गेले आणि गाड्या बाहेर काढायला लागले.

तेवढ्यात मोशूचा निरोप फिरला की सगळ्या गाड्या नदीकडच्या कोपऱ्यावर आणा. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. म्हणाले, राजालाही शेवटी कळलं. चाळीस-पन्नास गाड्या आल्या, पेट्या भरलेल्या, मडकी बांधलेल्या. मोशू गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने सामान उतरवायला लावले, आणि पहिली गाडी, ती त्याची स्वतःची होती, भगदाडात उलटी करून टाकली. मग दुसरी. तिसऱ्या गाडीचा मालक चाकाला मिठी मारून बसला.

फेन धावत आला. झग्याचा घोळ सावरत म्हणाला, "महाराज, अहो गाड्या बुडवल्या तर जाणार कशानं?"

"आपण जाणार नाही आहोत."

"आणि नाही थांबलं पाणी तर?"

"तर गुरुजी, तुम्ही आणि मी इथंच उभे असू. या, ही बाजू धरा."

फेनने ती बाजू धरली. मला वाटते त्याला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. गाड्यांवर लव्हाळ्याच्या पेंढ्या पडल्या, त्यांवर दारांच्या फळ्या, त्यांवर माती. मीही तिथे होते. पाण्यात ठोकणे म्हणजे खिरीत मुसळ मारणे, पण आम्ही ठोकत राहिलो. दोन दिवसांनी नदी थकली. कुंभारवाडा गेला, नगर उरले.

पाणी ओसरल्यावर मोशू एकटाच त्या कोपऱ्यात गेला. भिंत तिथे कापल्यासारखी उघडी पडली होती आणि थर एकावर एक दिसत होते, दाबून रचलेल्या पानांसारखे घट्ट. फक्त सगळ्यात खाली एक पान कुजलेले होते. त्याने बोट खुपसले. बोटामागून हात मनगटापर्यंत आत गेला. त्याने काओलिनला, फेनला आणि थर तपासते म्हणून यूहेला बोलावून घेतले, आणि विचारले की हा थर कुणाचा.

काओलिन खाकरला. फेनने आभाळाकडे पाहिले. मित्रांनो, पुराला माणसे भितात तेवढीच अशा प्रश्नालाही भितात.

यूहे म्हणाली, "तुमचा आहे, महाराज."

"तपासला होता?"

"राजाच्या थरावर पाणी ओतत नाहीत."

मोशूने काओलिनकडे पाहिले. काओलिन म्हणाला की त्याच्या आठवणीत तीन नगरे गेली आणि तिन्ही वेळा हाच कोपरा गेला. बापाने सांगितले होते, त्याच्या आधीच्या वेळीही हाच. फेन म्हणाला की हेच तर तो इतकी वर्षे सांगत आला आहे, राजाच्या कोपऱ्यातून नदी येते कारण तिचा राग राजावर असतो.

मोशूने चिखलाचे बोट वस्त्राला पुसले. "नदीला राजा कळत नाही, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "तिला मऊ कळतं."

मग तो तिथेच खाली बसला. गाड्यांतून न उतरलेली त्याची आई त्या वेळी त्याला आठवली असेल. चार नगरे, चारशे विहिरी, आणि कारण काय, तर कुणी मानापायी तुंबाभर पाणी ओतले नाही. मला वाटले आता हा काओलिनवर संतापेल. तो संतापला नाही. उठताना एवढेच म्हणाला की सगळा कोपरा पायापर्यंत खणून काढा, आणि खालचा थर पुन्हा मीच ठोकणार.

पीक निघाल्यावर सारे नगर जमले. या वेळी मोशू गुडघ्यापर्यंतच्या साध्या तागाच्या कपड्यांत आला. समोरची मूठ काओलिनने धरली. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी ठोकले. राजाचे हात सोलून निघाले. मग यूहे आली. म्हाताऱ्यांनी तिला वाटेतच गाठून कानात सांगितले होते की तुंबा अर्धाच भर. तिने पूर्ण भरला. ओतला आणि उकिडवी बसली. पाणी मातीने असे प्यायले जणू वर्षाची तहान होती.

यूहे जमिनीकडे पाहत पुटपुटली, "पुन्हा."

"मोठ्यानं सांग, बाई," मोशू म्हणाला. "मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही."

"पुन्हा, महाराज."

फेनने डोळे मिटून घेतले. काहीतरी कोसळेल असे त्याला वाटले असावे. काही कोसळले नाही. थर फोडला, माती कालवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकले आणि पुन्हा पाणी मुरले. तिसऱ्या दिवशीही तेच. आता बघ्यांत कुजबुज सुरू झाली. पाट्या वाहणारी एक बाई म्हणाली, याच्यापेक्षा आमची डुकरं बरी तुडवतात. मोशूने ते ऐकले. त्याचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत.

चौथ्या दिवशी काओलिनची भीड चेपली. किंवा माझी दया आली असेल. तो म्हणाला, "महाराज, रागावू नका, पण तुम्ही हिला खाली ढकलताय. ढकलायचं नसतं. उचला आणि सोडून द्या. पडायचं कसं ते तिला येतं."

"एवढंच?"

"आणि तुम्ही गात नाही. म्हणून आपल्या दोघांचा ताल जमत नाही."

राजाने ठोक्यांचे गाणे गायल्याचे कुणी ऐकले नव्हते. मोशूने एकदा फेनकडे पाहिले, एकदा नदीकडे, आणि तोंड उघडले. मित्रांनो, काय सांगू, आवाज फुटक्या मडक्यासारखा होता. उचल गड्या म्हणताना तो एका पट्टीत होता आणि उचल रे म्हणेपर्यंत तिसऱ्याच. बाया पाट्या खाली ठेवून हसल्या. काओलिन हसता हसता मूठ सोडणार होता. पण ताल लागला. पहिल्यांदाच मी वर गेले तशी हलकी होऊन गेले आणि आले तशी जड होऊन आले. धप्. मातीच्या आत खोलवर काहीतरी मिटले. ते मला कळले. त्यालाही कळले, कारण तो अचानक गायचा थांबला आणि मग दुप्पट मोठ्याने गाऊ लागला.

पाचव्या दिवशी यूहेने पाणी ओतले. ते उभे राहिले. पेज गार होईपर्यंत उभे राहिले, गार झालेली पेज खाऊन होईपर्यंतही. तिने त्यात करंगळी बुडवून पाहिली आणि एकदाच मान हलवली. चटई कुणी आणली नव्हती. मोशू स्वतःच बाजूला झाला आणि टोळीला म्हणाला की चढा आता याच्यावर.

तीन वर्षांनी नदी आली ती आमच्या हयातीतली सगळ्यात मोठी. भिंतीच्या माथ्याखाली हातभर राहून तेरा दिवस वाहत होती. मोशू तेराही दिवस कोपऱ्यावर बसून होता आणि त्याच्या शेजारी फेन, मांडीवर ते जुने हाड घेऊन. आमच्याकडे शकुनाच्या हाडावर शेवटी काय घडले तेही कोरून ठेवायची रीत आहे. चौदाव्या दिवशी पाणी उतरायला लागले तेव्हा फेनने टोचणी काढली आणि तड्याशेजारी कोरले: नदी खरोखर आली. मग राजाला विचारले की पुढे काय लिहू. मोशू म्हणाला, आपण कुठं आहोत ते लिहा. फेनने लिहिले: नगर इथेच आहे.

त्यानंतरची वर्षे मी थोडक्यात सांगते, कारण कामाची वर्षे एकसारखी असतात आणि तीच सुखाची असतात. मोशूने कुठल्या मोठ्या लढाया मारल्या नाहीत. शेजारची राज्ये त्याला मातीचा राजा म्हणून हिणवायची. एकदा पश्चिमेच्या टोळीचा वकील नजराणे घेऊन आला आणि भिंतीवर चिखलाने माखलेल्या माणसाला त्याने दरडावून विचारले की तुमचा राजा कुठे असतो. मोशू म्हणाला, जेवायच्या वेळी भेटेल, तोवर ही पाटी धरा. वकिलाने दिवसभर पाट्या वाहिल्या. जेवताना खरे कळले तेव्हा त्याचा घास घशात अडकला. जाताना मात्र तो आमची भिंत बोटांनी चाचपून गेला, आणि पुढे त्या बाजूने कुणी चालून आले नाही.

तानयीत विहिरी जुन्या झाल्या, हे मला मोठे नवल वाटे. तुतीची झाडे दोन माणसांच्या कवेत मावेनात. माणसे जिथे जन्मली तिथेच म्हातारी झाली. दरवर्षी हंगामाचा पहिला थर राजा ठोकायचा आणि यूहे सगळ्यांदेखत त्याच्यावर पाणी ओतायची. आता तो थर इतर कुणाच्याही आधी तपासला जाई. कधी एकदा ठोकून जमे, कधी दोनदा. काओलिन गेला. फेन गेला. माझा दांडा तीन वेळा बदलला आणि माझा तळवा झिजून गुळगुळीत झाला.

एकतिसाव्या हंगामात मोशू पासष्ट वर्षांचा होता. रोज ताप येत होता, तरी आला. समोरची मूठ कोणी धरायची यावर टोळीत जरा ढकलाढकल झाली, कारण राजा पडला तर सावरायचे कसे हीच सगळ्यांना काळजी. शेवटी एक पाट्या वाहणारी बाई पुढे झाली, रुंद खांद्यांची, डुकरे पाळणारी. त्यांनी ठोकले. त्याचे गाणे आता नुसता श्वास होता. मी जाणून होते. मी वर जातच नव्हते, नुसती हलत होते. त्याने मात्र हट्टाने दुपारपर्यंत सोडले नाही.

यूहे आली. तिची नजर अधू झाली होती, तिने पाणी ओतले आणि बोट टेकवून बसली. सगळे नगर पाहत होते. मित्रांनो, त्या दिवशी तिने नुसती मान हलवली असती तरी कुणी काही म्हटले नसते. सगळ्यांना तेच हवे होते. मलासुद्धा, खरे सांगते, थोडे तेच हवे होते. बोट कोरडे पडले. पाणी कधीच आत गेले होते.

"पुन्हा, महाराज," यूहे म्हणाली. तिचा आवाज मागच्या माणसांना ऐकू जाईल एवढा होता.

"मला आता पुन्हा होणार नाही, यूहेबाई."

"मग दुसऱ्याच्या हाती द्या. पण हा राहू देता येणार नाही."

मोशू हसला. आजारपणानंतर मी त्याला तसे हसताना पाहिले नव्हते. त्याने माझ्या मुठीवरून हात काढला, एक बोट, मग दुसरे, अशी सगळी बोटे सोडवली, आणि डुकरे पाळणाऱ्या बाईला म्हणाला, "फोडा तो थर."

तो वारला आणि गादी सुटली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. पण मी सांगते, तो खरा उतरला त्या दिवशीच, ताठ मानेने.

मोठ्या माणसाबरोबर त्याच्या आवडीच्या वस्तू पुरायची आमच्याकडे रीत आहे. काशाची भांडी गेली, हिरव्या दगडांचे झुबके गेले. मलाही द्यायचे ठरत होते. पण त्याने सांगून ठेवले होते की तिला माझ्यासोबत घालू नका, तिला काम आहे. म्हणून मी खड्ड्याच्या आत गेले नाही, वर राहिले. त्याच्यावर माती पडली आणि ती थराथराने मी ठोकली. नवा राजा, त्याचा मुलगा, रडून डोळे सुजवून एका बाजूची मूठ धरून होता. यूहे प्रत्येक थराला पाणी ओतत होती. सातवा थर तिने नापास केला. मद्याचे पेले हातात धरून उभे असलेले सरदार अवघडले, पण नव्या राजाने मुकाट्याने तो फोडला आणि आम्ही सातवा थर पुन्हा ठोकला. आता त्याला कुणी मोशू म्हणत नाही. राजा गेला की त्याला दहा दिवसांच्या आठवड्यातल्या एका दिवसाचे नाव देतात आणि त्या दिवशी त्याच्या नावाने राळ्याचे मद्य ओततात. मला ते नाव अजून तोंडात बसत नाही. माझ्यासाठी तो मोशूच.

मी आता मंदिराच्या भिंतीला टेकून असते. लोक माझ्यावर रेशमाची घडी टाकतात, मला हात जोडतात, आणि उचलायला मात्र कुणी येत नाही. मित्रांनो, दुर्लक्ष असे गोड रूप घेऊनही येते. म्हणून तुमच्याकडे मागणे एवढेच. कुठल्याही कामावर थोरामोठ्यांचा हात लागला असेल, तर नमस्कार जरूर करा, पण त्याआधी तुंबाभर पाणी ओता आणि उकिडवे बसून वाट पाहा. मुरले तर लाजू नका, भिऊ नका, सांगा मोठ्याने. आणि हंगाम सुरू झाला की माझ्यावरचे हे रेशीम बाजूला करा. समोरासमोर दोघे उभे राहा. गाता आले नाही तरी चालेल. मला उचला आणि सोडून द्या, पडायचे कसे ते मला येते.